साडूभाऊंची धावती येळवस

अख्ख्या मराठवाड्यात घाईत असलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. लातूरला त्यांचं पाईप आणि मोटारींचं दुकान. मी नांदेडचा, म्हणजे जेवण झालं की पान लावून मगच पुढच्या कामाचा विचार करणारा. आम्ही दोघं एकाच घरचे जावई कसे झालो, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. साडू आधी असे नव्हते हो. एका दिवसात दोन दिवसांचं काम कसं उरकावं, असले व्हिडिओ मोबाइलवर बघायला लागले आणि माणूस हातचा गेला. ते व्हिडिओसुद्धा दुप्पट वेगानं, कारण वेळ वाचवायला शिकण्यात वेळ घालवणं त्यांना पटत नाही.

सकाळी त्यांच्या एका हातात दातांचा ब्रश, दुसऱ्या हातात झाडांना पाणी घालायचा पाईप आणि काखेत मोबाइल. एकदा मी पायरीवर चहा पीत बसलो असताना फोन वाजला आणि साडूंनी गडबडीत पाईप कानाला लावला. हसून हसून माझा चहा सांडला. साडू निथळत उभे, आणि म्हणतात कसे, "चला, आंघोळ बी उरकली." दुकानातल्या खुर्च्या त्यांनी माळ्यावर टाकल्या. "माणूस बसला की बोलतो, बोलला की येळ जातो." मग गिऱ्हाईकं पाईपांच्या बंडलांवर बसायला लागली. पाईप काढायचा तर आधी माणूस उठवा, आणि माणूस उठवायचा तर आधी त्याला चहा पाजा. दुकानात कधी नव्हत्या एवढ्या गप्पा रंगायला लागल्या.

पण खरं भोगलं ते त्यांच्या लेकीनं. ती आमच्याकडे राहून नांदेडला शिकली. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बापाला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायची: परीक्षेचं, मैत्रिणींचं, मावशीनं केलेल्या भाजीचं. साडू तेही दुप्पट वेगानं ऐकत. पोरगी चिमणीसारखी चिवचिवून जायची आणि साडूंचं उत्तर ठरलेलं, "मुद्दा सांग." एकदा ती मला म्हणाली, "काका, माझा आवाज कसा हाय, हे तरी अप्पांना ठाऊक असंल का?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

आता येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची खोप, तिला आम्ही कोपी म्हणतो, तिच्यात पूजा, मग पालेभाज्या-शेंगादाण्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, माठातलं ताकाचं गार आंबील, आणि ओळखीच्या प्रत्येकाचं आपल्या शेतात जेवायला बोलावणं. साडूंचं स्वतःचं शेत रेणापूरकडं. पण बोलावणं मोडायचं नाही आणि वेळही घालवायचा नाही, म्हणून ते येळवस गाडीतून करत. या शेतात उभ्यानं भज्जी, त्या शेतात उभ्यानं उंडा, आंबील गाडी चालवता चालवता. गाडीच्या सीटला वर्षभर ताकाचा वास यायचा.

गेल्या वर्षी लेकीला जर्मनीत नोकरी लागली. येळवस झाली की निघायचं होतं. ती म्हणाली, "अप्पा, यंदा कुठं जायचं न्हाई. दिवसभर आपल्याच शेतात, माझ्यासंगं बसायचं." साडू म्हणाले, "हाव." आणि खरंच चिंचेखाली सतरंजीवर बसले की हो. पोरीचा आनंद काय सांगू, तिनं स्वतः त्यांच्या पानात भज्जी वाढली. तेवढ्यात मोबाइल वाजला. "दोन शेतं उरकून आलोच," म्हणून गडी उठला. पण येळवसला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कोण सोडतो? हा आग्रह, तो आग्रह, करता करता साडू परतले तेव्हा आम्ही सतरंज्या झटकत होतो. लेक रागावली नाही. तिनं आंबिलाचा तांब्या पुढं केला, "तुमच्या वाटचं ठिवलंय." साडूंनी ते उभ्यानंच प्यायलं. मला फार वाईट वाटलं.

यंदा मी गेलो, तर साडू सकाळपासून चिंचेला टेकून बसलेले. सगळी बोलावणी मोडली होती, गाडीची चावी बायकोच्या पिशवीत. दुपारी लेकीचा मेसेज आला. साडूंचा अंगठा सवयीनं वेग वाढवायला निघाला आणि मध्येच थांबला. पोर सावकाश बोलत होती: आंबील यंदा आंबट झालंय का, कोपीत दिवा कुणी लावला, इथं लई थंडी हाय. साडूंनी ते ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"काय हो साडूभाऊ," मी मुद्दाम डिवचलं, "मुद्दा काय म्हणते पोरगी?"

"मुद्दा काई न्हाई, पाव्हणं. नुसती बोलायली." मग मोबाइलकडं बघत म्हणाले, "आवाज जाड हाय की हो हिचा. अगदी माझ्या आईचा."

आणि त्यांनी तो मेसेज तिसऱ्यांदा लावला.