पिंपळनेरपर्यंतचा श्वास

कोकिळा सिस्टर खोटं बोलत नाहीत, हे आमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक, आणि म्हणूनच सगळे त्यांना टरकून. मी हिलाल, तिथली अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. नातेवाइकांनी "बरे होतील ना?" विचारलं की डॉक्टर म्हणतात, "प्रयत्न चालू आहेत." सिस्टर तोंडावर सांगतात, "नाही होणार." फटकळपणा नशिराबादहून, माहेरून आणलाय, असं मी त्यांना चिडवतो.

आमच्याकडे माणसाने शेवटचा श्वास घरी सोडावा, घरच्या हातचं पाणी त्याच्या तोंडात पडावं, असं लोकांना वाटतं. म्हणून आयसीयूतला आशा सुटलेला पेशंट ते घरी न्यायला मागतात. तोंडात नळी, नळीला रबरी फुगा. तो सिस्टरने वाटभर दाबत राहायचा आणि पाणी पाजून झालं की नळी काढायची. पिंपळनेरचे चुडामण आबा असेच निघाले. मुलगा प्रेमराज पायाशी बसला होता.

साक्री मागे पडली आणि सिस्टरनी आबांच्या गळ्याला बोटं लावली. मग पुन्हा लावली. "भाऊ, आबा गेले," म्हणाल्या आणि हात थांबवला.

प्रेमराजने तो हातच धरला. "थांबू नका ताई. माय पानी लिसन वाट दखी ऱ्हायनी. घर लगुन दाबा."

माय पाणी घेऊन वाट बघतेय, घरापर्यंत दाबत राहा, म्हणे! मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. सिस्टर पुन्हा फुगा दाबू लागल्या. गेलेल्या माणसाची छाती वरखाली होत होती. माझ्याने आरशात बघवेना.

घरी यशोदाबाईंनी, आबांच्या बायकोने, चमच्याने पाणी घातलं. ते ओघळून उशीवर गेलं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "पानी गयं का वं पोटमा, बेटी?"

सिस्टरनी आबांची हनुवटी पुसली. "अक्का, ओठ ओले झाले." आणि फुगा सोडला.

परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "हिलालभाऊ, तोंडाने खोटं बोलले नाही मी. हातांनी बोलले." मला विचाराल तर त्यांनी बरोबरच केलं. त्यांना तसं वाटत नाही.

तेव्हापासून आशा संपली की त्या आधी घरी सोडण्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागतात, मग नातेवाइकांना बाहेर गाठतात. आज नको, उद्या बघू, असं कुणाला म्हणू देत नाहीत.

"घरी न्यायचं तर आत्ताच न्या," म्हणतात. "त्यांना तुमचा हात कळतोय तोवर."