रायफलीचा मिस्त्री

मुलांनो, तुमच्या आजोबांची जुनी लष्करी रायफल मी सोमवारी पोलिसांत जमा करते आहे. त्याआधी तिच्या मिस्त्रीविषयी लिहून ठेवते, कारण तुम्हाला पाठवलेल्या फोटोत रायफल दिसेल, तो दिसणार नाही.

सोलापुरातल्या आमच्या घरी दर वर्षी येऊन तो तिचं तेलपाणी करायचा. रायफलीला तो ‘बाईसाहेब’ म्हणायचा आणि घरातल्या पुरुषांना, ते निवृत्त मामलेदार असले तरी, अरे-तुरे करायचा. कामात कुणी बोललं, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत छताकडे बघत बसायचा.

शेवटच्या खेपेला तुमचे धाकटे आजोबा मंगळवेढ्याच्या ज्वारीतली रानडुकरं हाकलायला रायफल मागत होते. मिस्त्रीने काडतुसाच्या आकाराचं पोलादी माप आत सरकवलं. त्यावर बोल्ट, म्हणजे काडतूस आत कोंडणारा मागचा दांडा, बंद व्हायला नको होता, पण तो अलगद बंद झाला. म्हणजे झिजून आतली जागा वाढली होती आणि बार काढताना काडतूस फुटून तोंडावर आलं असतं.

“बाईसाहेब थकल्या,” तो म्हणाला.

“अरे, तीस वर्षं मी हिला सांभाळतोय,” धाकटे आजोबा म्हणाले.

“तू कुटला? त्यांनीच तुला सांभाळलंय की.”

मग त्याने बोल्ट काढून माझ्या हातात ठेवला. “आजी, लायसन तुमच्या नावावर हाय. ह्यो कितीबी रुसला तरी देऊ नका.”

मी दिला नाही. धाकटे आजोबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि डुकरांनी निम्मी ज्वारी खाल्ली. धाकट्या आजोबांचे दोन्ही डोळे आजही शाबूत आहेत.