बीट, बीट, बीटन

"हिनं बीट खाल्लं म्हणे," सर म्हणाले. "तोंड दाखव बरं. लाल झालं का?"

वर्ग हसला. मी उभी होते. नववीतली, तिसऱ्या बाकावरची. माझी वही सरांच्या हातात होती. त्यांनी फळ्यावर 'बीट' हे इंग्रजी क्रियापद लिहून दिलं होतं. बीट म्हणजे मारणे. तीन रूपं पाठ करून घेतली होती, बीट, बीट, बीटन. मग प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. मी लिहिलं, 'आय एट बीट फ्रॉम सर.' मी सरांकडून मार खाल्ला.

दुसरं वाक्य सुचलंच नव्हतं. आदल्या दिवशीच खाल्ला होता.

"अजून नाही झालं लाल," सर म्हणाले आणि त्यांनी मारलं. डस्टरच्या लाकडी बाजूनं, तोंडावर. ओठ दातात सापडून फाटला. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा समोरचा दात अर्धा तुटला. मी तुकडा तळहातावर थुंकले.

"हे पाहा. आता झालं. बीट खाल्लं की तोंड लाल होते."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी थोडा कमी.

"याहीचं काही सांगता येत नाही," सर वर्गाला म्हणाले. "पोटच भरत नाही याहीचं. फुकट भेटलं ते खातात."

याहीचं म्हणजे कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बौद्धवाड्यातली मी एकटीच त्या वर्गात होते. माझे बाबा त्याच शाळेत शिपाई, म्हणून माझी फी माफ. सर पटेलांच्या घरचे. शाळा त्यांच्या चुलत्याची. माझा आजा त्यांच्याच घरी सालदार होता.

सरांना माझं वाक्य कळलं नव्हतं असं नाही. तेही मराठीतच वाढले. तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या तलमडुगुच्या बाजारात माणूस मराठीत मार खातो, हिंदीत मार खातो. तेलुगूत म्हणतात 'देब्बलु तिन्नाडु'. म्हणजे तिथंही खातोच. आमच्या भागातल्या सगळ्या भाषांनी आम्हाला मार खायला शिकवलं. इंग्रजीत खात नाहीत. एवढं सांगायला एक ओळ पुरली असती. डस्टर लागलं नसतं.

बाबांनी व्हरांड्यातून सगळं पाहिलं. पाहिलं आणि तास संपल्याची घंटा वाजवली. संध्याकाळी मला घरी घेऊन आले. माय माझ्या ओठावर हळद दाबत होती.

"कसं झालं हे?"

"मार बसला," बाबा म्हणाले. "शाळेत बसते थोडाबहुत."

"थोडाबहुत? दात तुटला पोरीचा."

"मंग काय करू? शाळेच्या चाव्या ठेवून येऊ?"

मार बसला. जशी माशी येऊन बसते. कुठून आला, कुणी आणला, काही नाही. आला, पाठीवर बसला, उडून गेला.

मी समोरच्या भिंतीकडे पाहत होते. बाबा दर जयंतीला सभेतून पत्रकं आणत आणि भिंतीला चिकटवत. शाळेत जाण्याआधी मी त्या भिंतीवर वाचायला शिकले. त्या दिवशी तीच पत्रकं मी व्याकरणाच्या प्रश्नासारखी वाचली. कर्ता ओळखा. अत्याचार झाला. घरं जाळली गेली. विहिरीवर मारहाण झाली. भिंतभर क्रियापदं होती. कर्ता कुठेच नव्हता. आमच्या स्वतःच्या पत्रकांतही नव्हता.

आदिलाबादच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर 'मारहाण' लिहिलं. ते हेडमास्तरांच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना आणि मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद तयार होता. सर बाजूच्या खुर्चीत मोबाईल चाळत बसले होते. हेडमास्तर तेलुगू माणूस, बाबांशी हिंदीत बोलायचे.

"दस्तखत कर दो. बात खतम. नौकरी भी रहेगी, फीस भी माफ रहेगी."

मी वाचलं. 'द स्टुडंट वॉज हर्ट इन द क्लासरूम.' विद्यार्थिनीला वर्गात लागलं. एकही चूक नव्हती वाक्यात.

बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

"बाबा, थांबा."

"गप राय, पोरी."

"यात कर्ता नाही."

सर हसले. "आता हे मले ग्रामर शिकवून राह्यली. पॅसिव्ह आहे ते. पॅसिव्हमधी कर्ता नसला तरी चालते. शिकवलं नाही का तुले?"

"शिकवलं ना. कर्ता माहीत नसला तर सोडायचा, असं शिकवलं तुमी. मले माहीत हाय."

मी बाबांच्या हातातला पेन घेतला. कागद उलटा केला आणि मागे लिहिलं, 'गोविंद सर बीट मी.' शेवटच्या अक्षरावर होते तेव्हा सर उठले. त्यांनी माझं मनगट पिळलं. हाड वाजलं. मी पेन सोडला नाही. मान खाली घातली आणि त्यांच्या हाताला चावले. अर्ध्या दातानं चावले. ते ओरडले. माझ्या जिभेवर दुसऱ्याचं रक्त आलं तेव्हा कळलं, त्याचीही चव तीच.

बाबांनी कागद उचलला. माझ्या वाक्याखाली मराठीत सही केली, बापाच्या नावासकट पूर्ण. मग कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

नोकरी गेली. शाळा गेली. कागद कुठल्या फायलीत गेला, अजून कळलं नाही. गोविंद सर अजूनही 'बीट' शिकवतात. माझं मनगट अजूनही वाकडं आहे.

'दे बीट अस.' ते आम्हाला मारतात. 'दे बीट अस.' त्यांनी आम्हाला मारलं. या क्रियापदाचं असं आहे, आजचं रूप आणि कालचं रूप एकच. वाक्य वाचून सांगता येत नाही की संपलं का चालू आहे.

आता पत्रकं मी लिहिते. पोरं मजकूर घेऊन येतात, 'अमुक गावात मारहाण झाली.' मी परत पाठवते. कुणी केली? नाव आणा, मग छापू. काही जण घाबरून परत येत नाहीत. काही नाव घेऊन येतात. मी ते वाक्यात पहिलं टाकते.

गोविंद पटेलनं मला मारलं. राव नाही, सर नाही. कर्ता, कर्म, क्रियापद.

आम्ही मार खाल्ला, हे वाक्य मी आता लिहीत नाही. ज्यांना त्याची सवय झाली आहे त्यांनी एक नियम पाठ करून ठेवावा. मारणे हे क्रियापद कुणाच्या घरचं नाही. त्याचा कर्ता बदलता येतो.