कुळदेवीचा होकार

त्या आजोबांचं नाव मी विचारलंच नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा लेक तेव्हा मांडीवर होता आणि त्याला टोचून घ्यायला मी भांडुपच्या म्युनिसिपाल्टीच्या दवाखान्यात बसले होते. रांगेत माझ्यापुढे हे मालवणी आजोबा, कडेवर नात. बोलता बोलता एका हाताने तिचं टोपरं नीट करायचे.

“आमच्या कुळदेवीक सुई चलणा नाय. आमका सोडा,” ते सिस्टरना म्हणाले.

“देवाच्या नावाने एकाला सोडलं ना, तर उद्या अख्खी रांग घरी जाईल,” सिस्टर उखडल्या. “आणि गोवर काय देव बघून येतो?”

त्याच आठवड्यात शेजारच्या चाळीतलं एक पोर गोवराने गेलं होतं.

मग आजोबांनी पिशवीतून देवीची तसबीर काढली, टेबलावर ठेवली आणि काचेवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीला मोठ्याने साकडं घालणारं त्यांचं गाऱ्हाणं सुरू होताच रांगेतल्या मालवणी बायकांनी ‘होय म्हाराजा’ची साथ धरली.

“अहो आजोबा, देवीला न विचारता टोचून घ्या की!” मी म्हटलं.

“तसा नको. उद्या पोरीक ताप इलो, तर घरातले ‘देवी कोपली’ म्हणान तिकाच बोल लावतले.”

पाकळ्या ढिम्म. आजोबांनी नातीकडे पाहिलं आणि तसबिरीची उजवी बाजू हळूच टेबल फॅनसमोर सरकवली. उजवी पाकळी टपकन पडली.

“आजोबा, ती वाऱ्याने पडली!” सिस्टर हसल्या.

नातीची बाही वर करत ते म्हणाले, “आणि वारो कोणाचो गो? म्युन्शिपाल्टीचो?”