जोत्यातली काळी माती

काळ्या मातीवर फरशी घालू नका, हे मी वऱ्हाडभर ओरडून सांगितलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं आणि मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. अकोल्यापासून धारणीपर्यंत माझं एकच तुणतुणं: काळी माती खणून काढा, खाली मुरूम लागेपर्यंत थांबू नका, जोतंही मुरमानंच भरा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी उचलून फेकते. लोक मान डोलवत आणि आपल्याच मनाचं करत. मग मी चिडायचो. चिडका म्हणूनच माझी ख्याती होती, अन् ती खोटी नव्हती.

बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नाही. दौऱ्यावरून परतावं तर कुलूप मीच लावलेलं, मीच काढायचं. "आला का रे?" असं विचारणारं कोणी नाही. तिकडे गावी, अमरावतीजवळच्या वलगावला बाबाही एकटेच. आई गेल्यापासून स्वतःच भाकर थापायचे. माझ्याकडे चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "वावर सोडून मी कुठं येऊ?" शेवटी मी अमरावतीत नाल्याच्या उतारावर जागा घेऊन घरच बांधायला काढलं. माती नाल्यात घसरू नये म्हणून दगडी भिंत घातली, तिच्यामागे गिट्टी भरली, पाणी निघायला भिंतीत भोकं ठेवली. ते सगळं पाहून बाबा एक दिवस म्हणाले, "येतो." बाप्पा, केवढा आनंद झाला मला!

जोत्याच्या भिंती उठल्या, आतली जागा मुरमापर्यंत खणून साफ झाली, आणि नेमकं तेव्हाच मला धारणीच्या रस्त्यावर जावं लागलं. मुरूम परतल्यावर टाकू, असं ठरवून गेलो. परत येऊन पाहतो तर जोतं काठोकाठ भरलेलं. काळ्याभोर मातीनं! बाबा तिच्यात बसून हातानं ढेकळं फोडत होते. आपल्या वावरातल्या, विहिरीजवळच्या चांगल्या तुकड्यातली माती त्यांनी बैलगाड्या भरभरून आणली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, हे काय करून ठेवलं तुमी?"

"कावून? घराच्या पोटात आपल्या वावराची माती टाकली. आता मले इथं झोप लागन."

"अहो, ही फुगते! फरशी फोडन, दारं अडकवन!"

"जिनं तुले पोसलं तिले भेतं का रे, भैताडा?"

वावरवाला माणूस मुरमाला माती मानतच नाही. जिच्यात काही उगवत नाही ती कसली माती? मी समजावलं, हात जोडले, मग आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "ही काढली तर मी बी नाई राहत." बापलेक दोघंही तसलेच: सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. मी मजूर लावून माती काढून परत बैलगाड्यांत भरायला सुरुवात केली. बाबा चाकांजवळ सांडलेली माती तेवढी ओंजळीनं उचलून गाडीत टाकत राहिले. शेवटच्या गाडीत त्या मातीवरच बसून ते वलगावला निघाले. "बाबा, थांबा," मी म्हणालो. त्यांनी बैल हाकले.

मी मुरूम टाकला, थराथरानं पाणी मारून धुमसानं चोपला, फरशी बसवली. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाबा एकदाच आले, वास्तुशांतीला. ओट्यावर बसून पाणी प्याले. आत चला म्हटलं तर म्हणाले, "बरं हाय इथं, वारा येते." तिन्हीसांजेच्या आत निघूनही गेले. पुढे ते वलगावलाच वारले. चुलीवर भाकर तशीच होती, असं शेजाऱ्यांनी मला सांगितलं.

त्यानंतर किती पावसाळे गेले. आजूबाजूच्या घरांच्या फरश्या उखडल्या, भिंती फाटल्या. लोक माझं घर पाहायला येतात, वाखाणतात, चहा पिऊन जातात. मग घर खायला उठतं. फरशीला केसाएवढी भेग नाही, आणि तिच्यावर चालणारा मी एकटा.