काढून टाकलेला लाल 'एल'

गुढीपाडवा जवळ आला की ते प्रकरण हटकून आठवतं. मोठमोठ्या गुन्ह्यांतली माणसं विसरलो, पण मोटारसायकलच्या एका साध्या अपघाताची ती दुपार काही डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी गिरगावात पोलीस निरीक्षक होतो. पाडव्याची शोभायात्रा म्हणजे आम्हाला पहाटेपासून बंदोबस्त. ढोल-ताशे, लेझीम आणि नऊवारी नेसून, फेटे बांधून मोटारसायकलवर निघालेल्या मुली. मला त्यांचं भारी कौतुक. पण पोलिसाची नजर स्वस्थ बसत नाही. फेटा रुबाबदार दिसतो हे मान्य, पण पडल्यावर डोकं वाचवतं ते हेल्मेट. शिवाय यातल्या कितीजणींकडे पक्कं लायसन्स आहे, हे सणाच्या दिवशी विचारणार कोण? विचारलं तर आम्हीच खलनायक.

यात्रा पांगल्यावर खबर आली. ठाकुरद्वारच्या मागच्या एका गल्लीत मोटारसायकलने एका आजोबांना उडवलं होतं. आमची माणसं पोचली तेव्हा आजोबांना टॅक्सीने इस्पितळात नेलेलं होतं आणि गाडीपाशी एक तरुण उभा होता. गाडी आपणच चालवत होतो, असं त्याने कोणी विचारायच्या आतच सांगून टाकलं. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, सगळं फटाफट पुढे केलं. कागद चोख होते. त्याला ठाण्यात आणून जबाब लिहायला घेतला.

तेवढ्यात ठाण्यातला फोन वाजला. त्याच गल्लीतला एक दुकानदार होता, नाव सांगायला तयार नव्हता. गाडीवर पोरगा नव्हता, नऊवारीतली मुलगी होती, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

मी त्या तरुणाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. खोटं बोलायला आलेला माणूस दमदाटीची तयारी करून येतो, गप्पांची नाही, हा माझा अनुभव. तेव्हा घरच्या चौकशा सुरू केल्या. मूळचं कोकणातलं कुटुंब, चाळीत राहणारं. वडील नाहीत, आई आणि धाकटी बहीण. बहिणीचा विषय निघाला तसा तो चुळबुळ करायला लागला. माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. खास सणासाठी घेतलेली फिक्या रंगाची कोरी मोजडी होती. त्या गाडीचा गिअर वर टाकायचा तर डाव्या पायाच्या पंजाने लिव्हर खालून उचलावा लागतो. चार वेळा गिअर बदलला की पादत्राणावर काळा डाग पडलाच म्हणून समजा. याची डावी मोजडी उजवीइतकीच स्वच्छ होती.

"सकाळपासून हीच मोजडी पायात आहे?" मी विचारलं.

"हो साहेब."

"मग गिअर काय हाताने टाकलेस?"

त्याने डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मी पुढचं विचारणार, तोच दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. नऊवारीवर रक्ताचे डाग, डोकं उघडं. फेटा सोडून तिने आजोबांचा मोडलेला हात त्यात बांधला होता. टॅक्सी तिनेच थांबवली होती, इस्पितळात त्यांची सून येईपर्यंत तीच बसून होती. भावाने आळ आपल्या अंगावर घेतल्याचं तिथे फोनवर कळलं आणि ती तडक ठाण्यात आली.

"साहेब, गाडी मी चालवत होते. माझं लायसन्स शिकाऊ आहे. दादाला जाऊ द्या."

"तू गप बस गो!" भाऊ उठलाच. "भरतीचं काय होईल तुझ्या?"

मग सगळा उलगडा झाला. पोरगी पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही परीक्षा पास झाली होती. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्हा दाखल झाला तर हातातोंडाशी आलेली वर्दी जाणार, या भीतीने, अपघाताचं कळताच धावत आलेला भाऊ पुढे सरसावला होता. शिकाऊ लायसन्सवर एकटीने गाडी काढता येत नाही, सोबत पक्कं लायसन्स असलेलं शिकवणारं माणूस लागतं, पुढेमागे लाल 'एल' लागतो, हे तिला तोंडपाठ होतं. तो 'एल' तिने सकाळीच सोलून काढला होता. भगव्या झेंड्याशेजारी तो बरा दिसत नव्हता म्हणे! हसावं की रडावं तेच मला कळेना.

खरं सांगतो, ती आलीच नसती तर बरं झालं असतं, असं क्षणभर मला वाटलं. मीही बाप आहे. पण ती समोर ताठ उभी होती, आणि तिच्यासमोर मला तसं वागता येईना. भावाच्या जबाबावर अजून सही झाली नव्हती, म्हणून तो निभावला. त्याला चांगला फैलावर घेतला आणि गुन्हा तिच्या नावावर नोंदवला. जाताना तिने एकच विचारलं, पडताळणीत हे सांगावं लागेल ना? मी म्हटलं, सांग. केलेल्या चुकीला कधीकधी माफी मिळते, लपवलेल्या चुकीला आमच्या खात्यात मिळत नाही.

तिने सांगितलं. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. तिची नेमणूक अडकली, तिच्याबरोबरच्या मुली ट्रेनिंगला गेल्या आणि ती घरी बसून राहिली. अखेर वरिष्ठांनी प्रकरण तपासलं, तिला समोर बोलावून ऐकून घेतलं आणि पुढच्या तुकडीत घेतलं. हे कळलं तेव्हा मी ठाण्यात पेढे वाटले. निमित्त कोणाला सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर एका पाडव्याला मी नातीला यात्रा दाखवायला गेलो. त्याच गल्लीच्या तोंडाशी खाकीतली एक शिपाई मुलगी एकेक गाडी थांबवून लायसन्स बघत होती. चेहरा लगेच ओळखला. तिच्यासमोर नऊवारीतली एक पोरगी अजिजी करत होती. ताई, शिकाऊ आहे, पण आजचा दिवस सोडा ना. भोवती गर्दी जमली होती.

ती शांतपणे म्हणाली, "ह्याच दिवशी, ह्याच गल्लीत, शिकाऊ लायसन्सवर मी एका आजोबांचा हात मोडलाय. उतर खाली. झेंडा घे आणि चालत जा."

पोरगी उतरली.

चार भिंतींआड गुन्हा कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले. अंगावर वर्दी असताना, भर रस्त्यात, कोणी न विचारता आपला गुन्हा सांगणारी ही एकच. कायदा मी जन्मभर लोकांना दम देऊन शिकवला. तिने तो स्वतःची चूक पुढे ठेवून शिकवला, आणि तो त्या पोरीला माझ्या दमदाटीपेक्षा लवकर कळला.

तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. साध्या कपड्यांत, उघड्या डोक्याने सॅल्यूट करायचा नसतो, असा आमच्यात नियम आहे. तिचा हात वर जायच्या आत मी तो नियम मोडला.