तो पासवर्ड मी मोठ्यानं सांगितला

"मोठ्यानं सांग की. पुण्याला ऐकू जायला पाहिजे," साहेब म्हणाले.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे फायरवॉल दुरुस्त करणाऱ्या पुण्याच्या कंपनीची मुलगी पासवर्ड विचारत होती. फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारात बसवलेलं यंत्र. बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून. ते सांभाळायचं काम माझं.

पासवर्ड साहेबांनी ठेवलेला, मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात. गावात आम्हाला जातीवरून ज्या शब्दानं हाक मारायचे तो शब्द, आणि पुढे एक-दोन-तीन. तो शब्द मी इथे लिहिणार नाही.

एकेक इंग्रजी अक्षर मी उच्चारलं. खोलीत सहा टेबलं. कुणी मान खाली घालून हसलं, कुणी उघड.

ती मुलगी मग म्हणाली, "मॅडम, हा पासवर्ड कुणी ठेवला?"

"सिस्टिमचाच आहे," मी म्हणाले.

खोटं बोलले. साहेबांना वाचवायला. साहेब जाता जाता म्हणाले, "शहाणी आहेस."

हे 'शहाणी' मला त्या शब्दाहून जास्त लागलं. अजून लागतं.

माळशिरस तालुक्यातल्या आमच्या शाळेत गुरुजी हजेरीला माझं नाव घेत नसत. तोच शब्द घेत. मी उभी राहून "हजर" म्हणायचे. पुढे डिप्लोमा केला, सोलापुरात खोली घेतली, वाटलं, सुटले एकदाची. आणि इथे रोज सकाळी दहाला तोच शब्द टाइप केल्याशिवाय माझं काम सुरू होत नव्हतं. दोन वर्षं. रोज हजर.

रविवारी गावी गेले. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर आपोआप चालत होती. तीच अक्षरं, त्याच क्रमानं.

"काय वाजीवतीस गं?" आई म्हणाली.

मी सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"कंत्राटी नोकरी हाय. गप ऱ्हा की. आमी न्हाय का ऐकलं जलमभर?"

ऐकलं होतं तिनं. मी तर तो शब्द स्वतःच्या हातानं लिहीत होते.

सोमवारी पासवर्डच्या नियमांचं पान उघडलं. ते बदलायचा हक्क पहिल्या दिवसापासून माझ्याकडं होता. दोन वर्षं मी त्याला हात लावला नाही, याची चीड येते. कमीत कमी चौदा अक्षरं. सगळ्यांनी मिळून वापरायचं खातं बंद, ज्याचं त्याचं वेगळं. जुना पासवर्ड पुन्हा चालणार नाही. सेव्ह केलं.

अकराला साहेब आले.

"माझा पासवर्ड का घेत नाही हे?"

"नियम बदललेत, सर."

"माझ्यापुरता जुना ठेव."

"नाही ठेवणार."

सहाही टेबलांवरच्या माना वर झाल्या.

"कॉन्ट्रॅक्टवर सही कुणाची असते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

नोकरी जाईल अशी भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण नियम मी काढला नाही.

यंत्रातून तो शब्द गेला. माझ्या बोटांतून गेला नाही. अजून सकाळी बोट त्याच पहिल्या अक्षरावर जातं आणि मी हात मागं घेते. त्या वेळी कानात एक पोर "हजर" म्हणते. आवाज माझाच असतो.

परवा मी तो शब्द शेवटचा लिहिला. पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात, पूर्ण. कुणी ठेवला तेही लिहिलं. मग पुण्याच्या त्या मुलीला फोन लावला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. तो पासवर्ड आमच्या साहेबांनी ठेवला होता. साक्षीला याल?"

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

तिनं सावकाश विचारावं. मी उद्या सकाळी दहाला ठाण्यात जाणार आहे.